दोघांचा सौदा, भुर्दंड तिसऱ्याला

कारखाना माल विकतो, गिऱ्हाईक तो घेतं, दोघंही खूश. धूर मात्र शेजारच्या तिऱ्हाइताच्या छातीत जातो आणि त्याला या सौद्यात कुणी विचारलेलंच नसतं. अशा परस्पर बसणाऱ्या भुर्दंडाला अर्थशास्त्रात ‘बाह्यता’ म्हणतात. आर्थर पिगू यांनी १९२० मध्येच त्यावर कराचा उपाय सुचवला होता. माणूस आपल्यापुरतं पाहतो, हे त्यात धरूनच चाललेलं. पण तिसऱ्याचं नुकसान समोर लख्ख दिसत असेल तर? माणूस प्रत्यक्षात कसा वागतो हे तपासणाऱ्या वर्तनवादी अर्थशास्त्राने हा प्रश्न प्रयोगशाळेत नेला.

जेसन डाना, रॉबर्टो वेबर आणि जेसन कुआंग यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला यातला सगळ्यात बोचरा वाटतो. दोन अनोळखी माणसं, निर्णय एकाचाच. ‘अ’ निवडलं तर त्याला ६ डॉलर, दुसऱ्याला १. ‘ब’ निवडलं तर दोघांनाही ५. म्हणजे एका डॉलरवर पाणी सोडायचं की नाही, एवढंच ठरवायचं. ७४ टक्के लोकांनी ते सोडलं. इथवर वाचून बरं वाटतं.

मग संशोधकांनी एकच गोष्ट बदलली. स्वतःचे ६ आणि ५ तसेच दिसत होते, पण दुसऱ्याचे आकडे झाकले. ‘अ’ निवडल्यावर त्याला १ मिळेल की ५, याची शक्यता निम्मी निम्मी. म्हणजे ‘अ’ कदाचित दोघांच्याही फायद्याचं असू शकत होतं. खरं काय ते पाहायला पडद्यावरचं एक बटण दाबायचं, तेही फुकट. ४४ टक्के लोकांनी ते दाबलंच नाही. आणि झाकलेले आकडे ज्यांच्या बाबतीत पहिल्यासारखेच होते, त्यांच्यातले जेमतेम ३८ टक्के समान वाटणीकडे वळले.

बटण दाबलं की नाही, हे त्या दुसऱ्याला कळणार नव्हतं. मांजर डोळे मिटून दूध पितं, तेव्हा त्याला जगापासून लपायचं असतं. इथे माणूस स्वतःपासूनच लपत होता. पहिल्या फेरीतल्या उदारपणात दुसऱ्याच्या भल्याची आस किती आणि ‘मी वाईट नाही’ हे स्वतःला पटवण्याची गरज किती, अशी शंका येते. हा एखाद्या गटाचा योगायोगही नव्हे. अशा अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र करून २०२३ मध्ये झालेल्या विश्लेषणात ६ हजारांहून जास्त सहभागी होते. संधी मिळाली तेव्हा ४० टक्के लोकांनी माहिती टाळली.

जर्मनीतल्या बॉनमध्ये आर्मिन फाल्क आणि नोरा शेच यांनी तिऱ्हाईत म्हणून चक्क उंदीर घेतले, प्रयोगशाळांना नको झालेले, एरवीही मारलेच जाणारे. १० युरो घ्या आणि उंदीर मरू द्या, किंवा पैसे सोडा आणि तो जगेल. एकट्याने ठरवताना ४६ टक्के लोकांनी पैसे घेतले. विक्रेता आणि ग्राहक अशी घासाघीस ठेवली, सौदा जमला की उंदीर मरणार, तेव्हा ७२ टक्के विक्रेते १० युरो किंवा त्याहूनही कमीत राजी झाले. ‘बाजार नीतिमत्ता मारतो’ असा मथळा द्यायला २०१३ चा हा निकाल फारच सोयीचा आहे. मी तो जपून वापरेन, कारण घासाघिशीला अनेक फेऱ्या होत्या आणि एकट्याचा निर्णय एकदाच घ्यायचा होता. तुलना काट्यावर तोलल्यासारखी नाही.

गंमत म्हणजे, बघ्याच्या भूमिकेत माणसं कडक होतात. एर्न्स्ट फेर आणि उर्स फिशबाखर यांच्या २००४ मधल्या प्रयोगात पहिल्याकडे १०० गुण होते, त्यातले दुसऱ्याला किती द्यायचे ते त्याची मर्जी. तिसरा नुसता पाहणारा, त्याच्याकडे ५० गुण. त्याने आपला एक गुण खर्चला की पहिल्याचे तीन कापले जात. त्याला स्वतःला मिळणार काहीच नव्हतं. तरीही निम्म्याहून कमी देणाऱ्याला सुमारे ६० टक्के बघ्यांनी पदरमोड करून दंड केला.

झॅकरी ग्रॉसमन यांनी २०१४ मध्ये डाना यांचा खेळ उलटा लावून पाहिला. आकडे आपोआप दिसणार. नको असतील तर तसं सांगायचं. ‘मला कळायला नको’ असं सांगणारे अगदी थोडे निघाले. त्यामुळे मालामागच्या प्रदूषणाची माहिती ‘संकेतस्थळावर उपलब्ध’ असणं आणि ती किमतीशेजारी छापलेली असणं, यांना एकाच मापाने मोजता येत नाही. पहिल्या प्रकारात बटण गिऱ्हाइकाने दाबायचं असतं.