तस्करीतून सुटका झाल्यावर निवारा, प्रशिक्षण, घरकुल : अर्ज कुठे आणि कसा करायचा

सुटका झालेल्या बाईला जिथेतिथे पहिला प्रश्न आधार कार्डाचा. ते बहुतेकदा दलालाकडेच राहिलेलं असतं. म्हणून सुरुवात कागदांपासून करू नका. 181 या हेल्पलाइनवर फोन करा किंवा थेट जिल्ह्यातलं सखी वन स्टॉप सेंटर गाठा. गुन्हा नोंदलेला नसला तरी तिथे जाता येतं. पाच दिवसांपर्यंत मुक्काम, वैद्यकीय मदत आणि समुपदेशन मिळतं, पोलिसांत तक्रार द्यायलाही मदत होते.

त्यापुढच्या मुक्कामासाठी शक्ती सदन, म्हणजे अडचणीतल्या महिलांसाठीचं सरकारी योजनेतलं निवारागृह. जुन्या ‘उज्ज्वला’ आणि ‘स्वाधार गृह’ या योजना आता केंद्र सरकारच्या ‘मिशन शक्ती’ या महिला योजनेत शक्ती सदन या नावाने चालतात, पण लोकांच्या तोंडी जुनीच नावं आहेत. वय 18 पूर्ण हवं. सोबत 18 वर्षांपर्यंतच्या मुली आणि 12 वर्षांपर्यंतचे मुलगे राहू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. मुलगी अल्पवयीन असेल तर 1098 वर कळवा, पुढचं बालकल्याण समिती बघते.

पोलिसांच्या छाप्यात सुटका झाली असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश निघतो. त्याची प्रमाणित प्रत तेव्हाच मागून घ्या. ‘मी तस्करीपीडित आहे’ हे दरवेळी तोंडाने सांगत बसण्यापेक्षा तो कागद पुढे करणं केव्हाही बरं. आणि सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध सुधारगृहात डांबता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे.

प्रशिक्षण म्हटलं की शिवणयंत्र पुढे येतं. तेवढ्यावर थांबू नका. ग्रामीण गरीब कुटुंबातल्या तरुणांसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आहे. वयाची अट एरवी 35, पण महिलांसाठी आणि तस्करीपीडितांसाठी 45. चौकशी ‘उमेद’च्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, तालुका कक्षात करा. वयाचा व रहिवासाचा पुरावा, रेशन कार्ड, बँक पासबुक आणि फोटो जवळ ठेवा.

वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला नेऊन, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटली नाही म्हणून अडकवून ठेवलं असेल, तर ती वेठबिगारी आहे. पुरुषांनाही हा मार्ग खुला आहे. इथे सगळं अडतं ते मुक्ती प्रमाणपत्रावर, म्हणजे वेठबिगारीतून सुटल्याच्या सरकारी दाखल्यावर. ते जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकारी देतात. तातडीची मदत 30 हजार रुपयांपर्यंत असते आणि ती खटल्याच्या निकालावर अवलंबून नसते. पुनर्वसनाची रक्कम पुरुषाला 1 लाख, महिला व मुलांना 2 लाख, तस्करी किंवा लैंगिक शोषणासारख्या गंभीर प्रकरणांत 3 लाख. ही मात्र निकालाशी जोडलेली आहे, त्यामुळे वेळ लागतो. याच प्रमाणपत्राचा दुसरा मोठा उपयोग प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) घरकुलासाठी. कायदेशीररीत्या मुक्त झालेल्या वेठबिगारांचं कुटुंब त्यात आपोआप समाविष्ट होण्याच्या निकषात बसतं. प्रमाणपत्राची प्रत ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्या.

कुठे अर्ज अडला, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकील मागा. तस्करीपीडितांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.