समाजकार्याचं फील्डवर्क आणि मानवशास्त्राचं फील्डवर्क

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, फील्डवर्क जर्नलमध्ये एक वाक्य हटकून सापडतं: 'सहभागी निरीक्षण पद्धतीचा अवलंब केला.' पुढे वाचलं की कळतं, अकराच्या एसटीने गाव गाठलं, सरपंचांच्या ओट्यावर चहा झाला, चार-पाच घरांतून फॉर्म भरून घेतले आणि साडेतीनच्या गाडीने मंडळी सांगलीला परत. यात निरीक्षण असेलही. सहभाग म्हणाल तर चहापुरता. पण हा शब्द ज्या मानवशास्त्रातून उचललाय तिथे त्याचा अर्थ फार वेगळा आहे: लोकांत राहून, त्यांच्या रोजच्या जगण्यात भाग घेत बघणं. याच गोंधळाचं दुसरं टोक म्हणजे दर बॅचला कुणीतरी विचारतंच, "मॅडम, फील्डवर्क आम्ही पण करतो, मानवशास्त्रवाले पण करतात. मग त्यांचं आम्ही वेगळं कशाला वाचायचं?" तुमचं आणि त्यांचं फील्डवर्क एकच असतं तर वाचायची गरज नव्हती. ते एक नाही, म्हणून वाचायचं.

समाजकार्याचं फील्डवर्क तुम्हाला मी काय सांगणार. आठवड्याचे ठरलेले दिवस, संस्था, पर्यवेक्षक, व्यक्तिसहाय्य (केसवर्क), गटकार्य, समुदाय संघटन, वैयक्तिक चर्चा, गटचर्चा आणि आदल्या रात्री जागून पुरं केलेलं जर्नल. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली, तीच आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे टिस. आपल्याकडे हे शिक्षण सुरू झालं ते अमेरिकी साच्यात, आणि साचा अजून बराचसा तोच आहे: अभ्यास, निदान, उपचार. तो घालून देणारं पुस्तक म्हणजे मेरी रिचमंड यांचं 'सोशल डायग्नोसिस', १९१७. परीक्षेला येतंच.

मानवशास्त्राबद्दलचे किरकोळ गैरसमज आधी झटकून टाकू. ते फक्त आदिवासींचं शास्त्र नाही. मिरजेच्या दवाखान्याबाहेर डबा घेऊन बसलेले नातेवाईक, तासगावचे बेदाण्याचे सौदे, देशभर सोनं-चांदी गाळायला गेलेले विटा-आटपाडीचे गलाईवाले, हे सगळे त्याचे विषय होऊ शकतात. समाजशास्त्र शहराचं आणि मानवशास्त्र रानाचं ही वाटणीही आपल्याकडे कधी नीट नव्हती. इरावती कर्वे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दोन्ही एका छपराखाली चालवली. हाडं आणि कवट्या ही त्याची एक शाखा. 'आम्ही आकडे काढतो, ते गोष्टी सांगतात' हे तर साफ चूक. कोयनेच्या विस्थापितांवर इरावतीबाई आणि जाई निंबकर यांनी केलेलं काम डेक्कन कॉलेजने १९६९ साली छापलं, ते सर्वेक्षणच आहे.

मुक्कामाचा फरक मात्र खरा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रिअंड बेटांवर जाऊन राहिले, तिथली भाषा शिकले, १९२२ साली त्यांचं पुस्तक आलं, आणि तेव्हापासून लांब मुक्काम हा त्या शास्त्राचा दंडक होऊन बसला. लोक यालाच मुख्य फरक समजतात. मला तो दुय्यम वाटतो. नोकरी करणाऱ्या कार्यकर्तीला वर्षभर गावात तळ ठोकणं परवडत नाही आणि तसं कुणी मागतही नाही. शिवाय वर्षानुवर्षं गावात राहूनही ज्यांना काही दिसलं नाही असे कार्यकर्ते तुमच्याही ओळखीचे असतील.

खरी गोम आहे ती दारात उभं राहताना मनात असलेल्या प्रश्नात. समाजकार्याच्या विद्यार्थिनीच्या मनात असतं: इथे काय कमी आहे? शौचालय, शिक्षण, जागृती, रोजगार, आधार कार्ड. तिचा फॉर्मच तसा आखलेला असतो, 'आहे' किंवा 'नाही'. मानवशास्त्र शिकलेला माणूस आधी विचारतो: हे आत्ता चाललंय कसं? कितीही मोडकं घर घ्या, ते कसंतरी चाललेलं असतं. कुणाचं तरी मूल कुणाकडे तरी जेवतं, कुणाचा तरी शब्द कुणी तरी मोडत नाही, अडीनडीला कुठून तरी पाचशे रुपये येतात. ही व्यवस्था अन्यायाची असू शकते, बहुधा असतेच. पण ती आहे. ती न बघता तुम्ही वरून उपाय ठेवलात तर तो एकतर तिथे बसत नाही, नाहीतर तुम्हाला न दिसलेलं काहीतरी पाडतो.

उदाहरण घेऊ. केस बेतलेली आहे, पण आपल्या भागातल्या कुठल्याही कौटुंबिक सल्ला केंद्रात बसलेल्या बाईला ती ओळखीची वाटेल. तेवीस वर्षांची मुलगी, नवरा मारतो, सासू त्याची बाजू घेते. फॉर्मवर रकाना आहे, 'माहेरचा आधार'. मुलगी म्हणते, आहे. टिक. विद्यार्थिनी चौकोन-गोल काढून वंशवृक्ष तयार करते, छान रंगवते. मग योजना ठरते: मुलीला थोडे दिवस माहेरी पाठवायचं, वडिलांना संयुक्त बैठकीला बोलवायचं. वडील येतात, टोपी मांडीवर ठेवून अर्धा तास जमिनीकडे बघत बसतात आणि उठताना लेकीला म्हणतात, "बाळा, जरा सांभाळून घे." जर्नलमध्ये नोंद पडते: 'वडील पितृसत्ताक मानसिकतेचे. सहकार्य नाही.'

आता दुसऱ्या शास्त्राचा प्रश्न विचारून बघा. या घरात मुलगी कुणी कुणाला दिली? विचारलं की पहिल्या पाच मिनिटांत कळलं असतं, की नवरा तिचा आतेभाऊ आहे. म्हणजे सासू ही तिची सख्खी आत्या, वडिलांची बहीण. आजोबा वारले तेव्हा त्या बहिणीने तलाठ्याच्या दप्तरी नाव न लावता भावाला हक्कसोड करून दिली. ऊस उभा आहे ती जमीन तीच. मुलीला मुलाइतका वाटा देणारी हिंदू वारसा कायद्याची २००५ची दुरुस्ती या माणसाला तुमच्याइतकीच ठाऊक आहे, आणि हक्कसोडीवर उद्या कुणी वकील काय प्रश्न काढील हेही. तुम्ही त्याला लेकीच्या बाजूने बोलायला बोलावलं असं तुम्हाला वाटतं. त्याच्या दृष्टीने तुम्ही त्याला बहिणीच्या विरोधात उभं केलंत, तेही परक्यांसमोर, सरकारी टेबलाच्या कडेला. तो मान खाली घालून बसला याचं नवल नाही.

इरावतीबाईंचं १९५३चं नातेव्यवस्थेवरचं पुस्तक इथे उपयोगी पडतं. उत्तरेत साधारणपणे नात्यात मुलगी देत नाहीत, दक्षिणेत नात्यातच देण्याकडे कल, आणि महाराष्ट्र मध्ये. मराठा-कुणब्यांत मामाची मुलगी करून घेतात, आत्याची मुलगी सहसा टाळतात. हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. जत्रेत, लग्नात, चेष्टेत सगळीकडे असतं. पण वर्गात शिकलेल्या केसवर्कमधली सून नेहमी परक्या घरात जाते, म्हणून फॉर्म भरताना आपण आपलीच माहिती बाजूला ठेवतो. आपल्याकडची सून कितीदा तरी आत्याच्या घरात जाते, आणि तिथे 'माहेर' आणि 'सासर' हे दोन वेगळे रकाने पडतच नाहीत.

मग बैठकीला बोलवायचं कुणाला? मुलीच्या आईच्या भावाला. बोहल्यावर तिला हाताला धरून आणणारा मामा. तो या देण्याघेण्याच्या बाहेर आहे. त्याला आत्याबाईंकडून जमीन मिळालेली नाही, भाचीचं मात्र त्याला लागतं. तो त्या बैठकीत आवाज चढवू शकतो आणि सगळे ऐकून घेतील. ही युक्ती समाजकार्याच्या कुठल्याही मॉडेलमधून निघत नाही. नात्यांचा नकाशा वाचता आला तर आपोआप सुचते. वंशवृक्षात कोण कुणाचा मुलगा एवढंच असतं. मानवशास्त्राच्या आकृतीत मुली कुठून कुठे गेल्या हे असतं, आणि घरातली ताकद बहुतेक वेळा त्याच रेषांवरून धावते.

इथे कुणीतरी म्हणणारच, की अशाने मार खाणाऱ्या बाईला 'त्यांची संस्कृती समजून घ्या' असं सांगाल. नाही. २००५चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहे, अर्ज आजच करायचा. नकाशा वाचायचा तो अर्ज झाल्यावर ती बाई रात्री कुठे झोपणार हे ठरवण्यासाठी.

दुसरी माझी चीड म्हणजे 'पालक उदासीन'. जत, आटपाडी, माण, खटाव या पट्ट्यातल्या मेंढपाळ वाड्यांवरच्या जर्नलमध्ये हे शब्द नुसते पिकतात. विद्यार्थी उन्हाळ्याच्या तोंडावर जातात, घरांना कुलपं दिसतात, शाळेच्या हजेरीत गैरहजेरी दिसते, झालं निदान. मेंढरं दिवाळीनंतर चाऱ्यामागे बाहेर पडतात, काही कळप थेट कोकणात उतरतात, लोकांच्या रानात बसवली की खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात, आणि पावसाच्या सुमाराला वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, गावाकडे वळतो. हे वर्षाचं चक्र. त्यात कुठलं मूल आजीजवळ राहतं आणि कुठलं घोड्यामागे चालतं याचा दर घरात विचार झालेला असतो, कधीकधी भांडणही. उदासीनतेचा त्यात कुठे संबंध आला? शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं आणि मेंढरांचं वर्ष त्याच्याशी जुळत नाही, एवढंच. हे कळलं तर हंगामी वसतिगृह कधी उघडायचं याची तारीख तरी बरोबर निघते.

'अज्ञान, अंधश्रद्धा व व्यसनाधीनता' या त्रिकुटाबद्दल मी बोलायलाच नको. आणि शिलाई मशीन! बाई विधवा असो, परित्यक्ता असो, दुष्काळी असो की पूरग्रस्त, तिच्या वाटणीला शिलाई मशीन ठरलेलं. 'काय कमी आहे' या प्रश्नाचं सगळ्यात सोपं उत्तर हातात धरून फोटो काढता येईल असंच असतं. सांगलीतच त्याचा उलटा दाखला आहे. संग्राम ही संस्था इथे १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर काम करते. त्यातून १९९६ साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. एड्स रोखायचा म्हणून बायकांना धंद्यातून उचलून दुसरीकडे बसवलं नाही. धंदा कसा चालतो, गिऱ्हाइकाशी बोलणं कोण करतं, वस्तीत कुणाचं कोण ऐकतं हे त्याच बायकांना सगळ्यात जास्त ठाऊक, म्हणून कंडोम पोचवण्याचं काम त्यांच्याच हाती गेलं. त्यांच्या सगळ्या भूमिका तुम्हाला पटतील असं नाही, पण सुरुवात कुठून केली ते बघा.

कमतरतेच्या फॉर्मने केवढं नुकसान होतं ते पाटण आणि जावळीच्या माणसांना विचारावं. कोयनेचं धरण झालं तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. महाराष्ट्रात तो १९७६ साली आला. माणसं सातारा सोडून ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशी पांगली. हिशेब झाला तो खातेदार आणि जमिनीचा. पण डोंगरातलं ते घर नुसतं जमिनीवर चालत नव्हतं. एक भाऊ मुंबईत गिरणीत किंवा गोदीत, त्याची मनीऑर्डर, इकडे भात-नाचणी, पलीकडच्या खोऱ्यात दिलेल्या बहिणी आणि तिकडून आणलेल्या सुना, सगळ्यांचा एक देव. खातेदाराला प्लॉट मिळाला तरी लेकीला स्थळ कुणी सुचवायचं आणि अडचणीला कुणाच्या दारात जायचं हे सातबाऱ्यावर लिहिलेलं नसतं. आजही धरणग्रस्तांच्या वसाहतीत काम करणारे विद्यार्थी पाण्याची टाकी आणि गटार मोजून येतात. मोजा, जरूर मोजा. पण सोयरिकी आता कुठे होतात तेही विचारा.

मानवशास्त्र काही धुतल्या तांदळासारखं नाही, हेही सांगून ठेवते. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांनी नाकांच्या मापांवरून जातींची उतरंड सांगितली होती. १८७१च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं त्यांच्याबद्दलचं 'शास्त्रीय' लिखाणही त्याच काळातलं. तो शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला, पारध्यांच्या पालावर पोलिसांची गाडी अजून येते. आणि एक गोष्ट आपल्या बाजूने: मानवशास्त्रज्ञ वही मिटून जातो, पुस्तक लिहितो. दुसऱ्या दिवशी त्या पालावर जामिनाचे कागद घेऊन जायचं ते आपल्याला. या बाबतीत मला त्यांचं काही शिकायचं नाही.

म्हणून मी कुणाला मानवशास्त्रज्ञ व्हा म्हणत नाही. पुणे विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग आहे, ज्याला जायचं त्याने जावं. बाकीच्यांनी एका गावावरचा एक चांगला ग्रंथ आधी पूर्ण वाचावा. माझ्या मते रांगोळीच्या रंगांनी काढलेल्या तीन पीआरए (लोकसहभागातून गावाची पाहणी) नकाशांपेक्षा त्याचा उपयोग जास्त. फील्डवर गेल्यावर फॉर्म पिशवीतच राहू द्या आणि घरातल्या बाईला कालचा दिवस विचारा, उठल्यापासून निजेपर्यंत. 'तुमच्या समस्या काय' विचारलं की ती तुमच्या संस्थेकडे काय मिळतं ते बघून उत्तर देते. कालच्या दिवसाबद्दल तसं ठरवून सांगणं अवघड जातं. त्याच घरी सुगीत जा, लग्नसराईत जा, आखाडात जा. लोक जे सांगतात ते एका पानावर आणि तुम्हाला जे दिसलं ते समोरच्या पानावर लिहा, दोन्ही जुळवायची घाई करू नका.

आणि पहिला महिनाभर जर्नलमधला 'उपाययोजना' हा रकाना रिकामा सोडा. गुण कापले जातील. पर्यवेक्षक मी असेन तर कापणार नाही. भरलेला दिसला तर मात्र विचारीन, की एवढ्यात कसं कळलं?