ऑपेरागृहाबाहेरचा ऑपेरा: एका जुन्या प्रयोगशीलतेची पार्श्वभूमी

गेल्या पंधरा-वीस वर्षांत लंडनमधील एका पबच्या माडीवर, लॉस एंजेलिसच्या रेल्वे स्थानकात, डेट्रॉइटच्या बहुमजली वाहनतळात आणि न्यूयॉर्कच्या एका कॅथेड्रलमध्ये ऑपेराचे प्रयोग झाले. पाश्चात्त्य अभिजात गायकीत वर्षानुवर्षे घडलेले गायक चित्रकार, नर्तक आणि दृश्यकलावंतांच्या बरोबरीने त्यांत उभे राहिले. अशा प्रयोगांना परंपरेविरुद्धचे बंड म्हणण्याची पद्धत आहे, पण इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. ज्या भव्य ऑपेरागृहाला आपण परंपरा मानतो, त्याची चौकट या कलेच्या चारशे वर्षांच्या वाटचालीत बरीच उशिरा पक्की झाली आणि ती पक्की होत असतानाच तिला प्रश्न विचारणारेही पुढे आले.

पहिला ऑपेरा मानला जाणारा याकोपो पेरी यांचा ‘डाफ्ने’ १५९८ मध्ये फ्लॉरेन्समधील एका धनिक रसिकाच्या वाड्यात झाला, तर क्लाउदिओ मोन्तेवेर्दी यांचा ‘ऑर्फेओ’ १६०७ मध्ये मांतुआच्या राजवाड्यातील एका दालनात, निमंत्रितांसमोर सादर झाला. तिकीट काढून कोणालाही प्रवेश देणारे पहिले ऑपेरागृह, सान कासियानो, व्हेनिसमध्ये १६३७ साली उघडले. तिथून पुढे प्रेक्षागृहे मोठी होत गेली आणि एकोणिसाव्या शतकात वाद्यवृंदही फुगत गेला. रिचर्ड वाग्नर यांच्या ‘रिंग’ या चार ऑपेरांच्या मालिकेला शंभराच्या आसपास वादक लागतात, आणि न्यूयॉर्कच्या आजच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात सुमारे ३,८०० आसने आहेत.

या वाढीचा परिणाम गायकाच्या गळ्यावर झाला आणि पुढची सगळी हकिकत समजण्यासाठी तो ध्यानात घ्यायला हवा. ऑपेराचा गायक ध्वनिक्षेपकाशिवाय गातो. मोठ्या वाद्यवृंदावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवण्यासाठी तो, विशेषतः पुरुष गायक, स्वरयंत्राच्या वरच्या पोकळीला असा आकार द्यायला शिकतो की आवाजातील ऊर्जा सुमारे ३,००० हर्ट्झच्या आसपास एकवटते. त्या पट्ट्यात वाद्यवृंदाचा जोर तुलनेने कमी असतो, म्हणून एकच कंठ शंभर वाद्यांतून वाट काढतो. हे कौशल्य विलक्षण आहे, परंतु त्याची किंमतही आहे. शब्द कुजबुजल्यासारखा उच्चारणे, पाठ फिरवून गाणे, चेहऱ्यावरचा सूक्ष्म भाव प्रेक्षकापर्यंत नेणे या गोष्टी अशा प्रचंड वास्तूत अवघड होऊन बसतात. ऑपेरागृहाबाहेर पडणाऱ्या अनेक गायकांना नेमक्या या हरवलेल्या छटा परत हव्या असतात.

वाग्नर यांनी १८७६ मध्ये जर्मनीतील बायरॉइट येथे स्वतःच्या कल्पनेनुसार नाट्यगृह उभारले, वाद्यवृंद रंगमंचाखालच्या झाकलेल्या खड्ड्यात नेला आणि प्रेक्षागृहात अंधार केला. त्या काळात ही क्रांतीच होती. १८८३ मध्ये त्यांचा मृत्यू झाल्यावर मात्र त्यांच्या पत्नी कोसिमा यांनी मूळ प्रयोगातील हालचाली आणि नेपथ्य जसेच्या तसे जपण्याचा आग्रह धरला, आणि क्रांतीचे रूपांतर कर्मकांडात झाले. अडॉल्फ आपिया या स्विस रंगकर्मीने रंगवलेल्या पडद्यांऐवजी पायऱ्या, चौथरे आणि बदलता प्रकाश यांवर आधारलेली योजना मांडली, तेव्हा बायरॉइटने ती नाकारली. वाग्नर यांच्या ‘ट्रिस्टान’चा आपिया यांनी योजलेला प्रयोग अखेर १९२३ मध्ये मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात आर्तुरो तोस्कानिनी यांच्या वाद्यवृंद-संचालनाखाली झाला. पुढे बाझेल शहरात त्यांनी हाती घेतलेली ‘रिंग’ मालिका मात्र दोन भागांनंतर प्रेक्षकांच्या विरोधामुळे थांबवावी लागली.

बर्लिनच्या क्रोल ऑपेराने १९२७ पासून ऑटो क्लेम्पेरर यांच्या नेतृत्वाखाली या कल्पनांना हक्काचे घर दिले. लास्लो मोहोली-नॉज यांच्यासारखे आधुनिक चित्रकार तिथे नेपथ्य करीत होते. १९२९ मध्ये वाग्नर यांच्या ‘फ्लाइंग डचमन’चा प्रयोग उघड्या, अलंकारहीन रंगमंचावर साध्या वेशातील खलाशांसह झाला, तेव्हा राष्ट्रवादी वर्तुळांत संतापाची लाट उसळली. १९३१ मध्ये प्रशियाच्या सरकारने काटकसरीचे कारण देऊन ही संस्था बंद केली. चार वर्षांचे हे आयुष्य युरोपीय रंगभूमीने विसरू नये इतके मोलाचे आहे, कारण दुसऱ्या महायुद्धानंतर जे जे नवे म्हणून गाजले त्याची बरीचशी बीजे तिथे आढळतात.

युद्धानंतर १९५१ मध्ये बायरॉइट पुन्हा उघडले. वाग्नर यांचे नातू वीलांट यांनी ‘पार्सिफाल’ जवळजवळ रिकाम्या, प्रकाशाने घडवलेल्या रंगमंचावर आणला आणि आपिया यांच्या कल्पना उशिराने का होईना त्याच दारातून आत आल्या. पूर्व बर्लिनमध्ये वाल्टर फेल्झेनश्टाइन यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेल्या कोमिशे ओपरमध्ये गायकाने नटाइतकीच कसून तालीम केली पाहिजे हा दंडक घातला. बायरॉइटच्या शताब्दी वर्षी, १९७६ मध्ये, पात्रीस शेरो या ३१ वर्षांच्या फ्रेंच दिग्दर्शकाने पिएर बूलेझ यांच्या संचालनाखाली ‘रिंग’चा आरंभ ऱ्हाईन नदीच्या तळाऐवजी जलविद्युत धरणावर केला. पहिल्या वर्षी शिट्ट्या आणि आरडाओरडा झाला, आणि १९८० मधील अखेरच्या प्रयोगाला तासाहून अधिक काळ टाळ्या पडल्या. तरीही या सगळ्या धारेत बदलत होता तो दिग्दर्शकाचा दृष्टिकोन. गायकाचे स्थान, प्रेक्षकाचे अंतर आणि वाद्यवृंदाचा आकार होता तसाच राहिला, आणि म्हणून या धारेला मी या इतिहासाचा अर्धाच भाग मानतो.

दुसरा अर्धा भाग टंचाईतून जन्मला. पहिल्या महायुद्धाने रंगभूमी ठप्प केली असताना इगोर स्त्राविन्स्की यांनी १९१८ मध्ये सात वादक, एक निवेदक आणि मोजके नट एवढ्यावर भागेल अशी ‘सैनिकाची कथा’ रचली. तिच्यात गाणे नाही, पण फिरत्या छोट्या संगीतनाट्याचा नमुना तिने घालून दिला. इंग्लंडमध्ये बेंजामिन ब्रिटन यांनी १९४६ मध्ये ‘लुक्रीशिया’ हा ऑपेरा आठ गायक आणि डझनभर वादकांसाठी लिहिला. पुढच्या वर्षी त्यांनी लेखक एरिक क्रोझिअर आणि चित्रकार जॉन पायपर यांच्यासह इंग्लिश ऑपेरा ग्रुप स्थापन केला. या मंडळींचा दौरा युरोपात चालू असताना, परगावी तोटा सोसून फिरण्यापेक्षा आपल्याच गावी महोत्सव का भरवू नये, ही कल्पना पुढे आली ती पीटर पिअर्स या टेनॉर (उंच पट्टीच्या पुरुषी आवाजाच्या) गायकाकडून. त्यातून १९४८ मध्ये ऑल्डबरा महोत्सव सुरू झाला.

या महोत्सवातील दोन कृतींपाशी थोडे थांबले पाहिजे. १९५८ मध्ये ऑर्फर्डच्या चर्चमध्ये सादर झालेल्या ‘नोआचा प्रलय’ या ऑपेरात मोजके व्यावसायिक गायक आणि वादक सोडले तर बाकी सारी शाळकरी मुले होती. पावसाचे पहिले थेंब दोरीला टांगलेल्या चहाच्या कपांवर ठोके देऊन वाजवले गेले, आणि जमलेले प्रेक्षक ठरावीक जागी स्तोत्रे गाऊन प्रयोगात सामील झाले. त्याच चर्चमध्ये १९६४ साली झालेला ‘कर्ल्यू रिव्हर’ जपानच्या नो या पारंपरिक रंगभूमीवरील ‘सुमिदागावा’ या नाटकावर आधारलेला होता. मुलाच्या शोधात वेडी झालेल्या आईची भूमिका त्यात स्वतः पिअर्स यांनी, पुरुषाच्या आवाजात, मुखवटा धारण करून केली. या प्रयोगाला वाद्यवृंदाचा संचालक नव्हता. गायक आणि वादक एकमेकांचा श्वास ऐकून पुढे सरकत आणि कोणी कोणासाठी थांबायचे याची खास खूण ब्रिटन यांनी स्वरलिपीत नव्याने योजली होती. गायकाकडे पूर्ण जबाबदारी सोपवण्याचे इतके धीट उदाहरण त्याआधी सापडणे कठीण आहे.

पॅरिसमधील बूफ द्यू नॉर हे पडीक नाट्यगृह पीटर ब्रूक यांनी १९७४ मध्ये, भिंतींचे पोपडे तसेच ठेवून, वापरात आणले. तिथे १९८१ मध्ये त्यांनी बिझे यांचा ‘कार्मेन’ वृंदगान आणि मिरवणुका वगळून, चार प्रमुख पात्रे आणि लहानशा वाद्यवृंदासह सुमारे ऐंशी मिनिटांत बसवला. मातीच्या जमिनीवर, प्रेक्षकांपासून काही हातांवर गाणाऱ्या गायकाला आवाज लांब फेकण्याची गरजच उरली नाही. मूळ कृतीची अशी छाटणी अनेकांना रुचली नाही आणि तो आक्षेप चुकीचा म्हणता येत नाही, परंतु छोट्या जागेत ऑपेराचे काय होते हे या प्रयोगाने दाखवले.

अमेरिकेत वाट निराळी होती. संगीतकार फिलिप ग्लास आणि दिग्दर्शक रॉबर्ट विल्सन यांचा ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ जुलै १९७६ मध्ये फ्रान्सच्या आव्हिन्याँ महोत्सवात प्रथम सादर झाला. सुमारे पाच तास, मध्यंतर नाही, कथानक नाही, आणि प्रेक्षकांना हवे तेव्हा ये-जा करण्याची मुभा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेट्रोपॉलिटन ऑपेराचे सभागृह भाड्याने घेऊन झालेले दोन्ही प्रयोग भरगच्च गेले, तरी निर्मात्यांच्या डोक्यावर कर्ज राहिले आणि ग्लास यांना टॅक्सी चालवण्याच्या कामाकडे परतावे लागले.

अमेरिकन दिग्दर्शक पीटर सेलर्स यांच्या १९८०च्या दशकातील मोत्झार्ट-प्रयोगांची चर्चा बहुधा स्थळांवरून होते: ‘फिगारो’ न्यूयॉर्कच्या ट्रम्प टॉवरमध्ये, ‘दोन जोव्हानी’ हार्लेमच्या रस्त्यावर, ‘कोसी फान तुत्ते’ महामार्गालगतच्या खानावळीत. त्याहून महत्त्वाचे होते ते गायक. संचालक क्रेग स्मिथ बोस्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये १९७० पासून रविवारच्या उपासनेत बाख यांच्या कंताता (वाद्यांसह गायच्या रचना) करीत आले होते, आणि सॅनफर्ड सिल्व्हन, लोरेन हंट यांच्यासारखे गायक तिथे एकत्र तयार होत होते. हंट आधी व्यावसायिक व्हायोलावादक होत्या. मोठ्या ऑपेरागृहात पाहुणा गायक येऊन थोड्याच तालमींत उभा राहतो, तर इथे तेच गायक वर्षानुवर्षे एकमेकांबरोबर गात होते. १९९६ मध्ये इंग्लंडमधील ग्लाइंडबर्न महोत्सवात सेलर्स यांनी हेंडेल यांचा ‘थिओडोरा’ आजच्या अमेरिकेत आणला आणि शेवटी नायक-नायिकेला विषारी इंजेक्शनने मृत्युदंड दिलेला दाखवला. आयरीनच्या भूमिकेतील हंट यांचे त्या वेळचे गाणे ज्यांनी ऐकले आहे त्यांना या दीर्घ सहवासाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

ब्रिटिश दिग्दर्शक ग्रॅहम व्हिक यांनी १९८७ मध्ये बर्मिंगहॅम येथे सुरू केलेल्या मंडळीने आणखी एक पाऊल टाकले. बंद कारखाने, गोदामे, तंबू यांत प्रयोग, प्रेक्षक उभे, आणि वृंदगानात शहरातील सामान्य नागरिक. याच मंडळीसाठी १९९० मध्ये संगीतकार जोनाथन डव्ह यांनी ‘रिंग’ मालिका अवघ्या १८ वादकांवर आणि दोन संध्याकाळींत बसेल अशी संक्षिप्त केली. २०१२ मध्ये एका जुन्या रसायन कारखान्यात व्हिक यांनी जर्मन संगीतकार कार्लहाइन्झ श्टोकहाउझेन यांचा ‘मिटवॉख’ प्रथमच संपूर्ण सादर केला, ज्याच्या एका प्रवेशात चार तंतुवादक चार हेलिकॉप्टरमधून वाजवतात. व्हिक यांचे २०२१ मध्ये कोव्हिडने निधन झाले.

एकविसाव्या शतकातील लाटेमागे आर्थिक कारणे आहेत. युरोपात लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. पुच्चीनी १९२४ मध्ये वारले, त्यामुळे विसावे शतक संपता संपता त्यांच्या लोकप्रिय ऑपेरांची काटछाट आणि नवे वाद्यसंयोजन करणे परवानगीविना शक्य झाले. २००९ मध्ये लंडनच्या किलबर्न भागातील कॉक टॅव्हर्नच्या माडीवर, जेमतेम ३५ आसनांपुढे, ‘ला बोएम’ इंग्रजीत सुरू झाला. कॅफेचा अंक प्रत्यक्ष खालच्या बारमध्ये होई. २०११ मध्ये त्याला ऑलिव्हिए हा लंडनच्या रंगभूमीवरील मानाचा पुरस्कार मिळाला. न्यूयॉर्क सिटी ऑपेरा ही १९४३ पासूनची संस्था २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तरुण गायकांचे एक मोठे आश्रयस्थान नाहीसे झाले, त्याच सुमारास त्या शहरात छोट्या मंडळ्या एकामागून एक उभ्या राहिल्या. त्यांतल्या हार्टबीट ऑपेराने २०१८ मध्ये बीथोव्हन यांच्या ‘फिडेलिओ’मधील कैद्यांचे वृंदगान अमेरिकेतील खऱ्या तुरुंगांमधील गायनवृंदांकडून ध्वनिचित्रमुद्रित करून घेतले.

तंत्रज्ञानाचा वापर त्याआधीच सुरू झाला होता. १९९२ मध्ये ‘तोस्का’ रोममधील मूळ स्थळी आणि कथेतील वेळी, म्हणजे दुपारी, रात्री आणि पहाटे, थेट प्रक्षेपित झाला, तेव्हा झुबिन मेहता वाद्यवृंदासह शहरात दुसरीकडे होते आणि गायक त्यांना पडद्यावर पाहून गात होते. दिग्दर्शक युव्हाल शॅरन यांच्या ‘द इंडस्ट्री’ या मंडळीने २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या युनियन स्टेशनमध्ये ‘इनव्हिजिबल सिटीज’ केला. बिनतारी हेडफोन लावलेले श्रोते नेहमीच्या प्रवाशांमधून हिंडत गायकांना शोधत होते. २०१५ च्या ‘हॉपस्कॉच’मध्ये २४ मोटारींत, एका वेळी चार प्रेक्षकांसमोर, गायकांनी तोच प्रवेश दिवसातून अनेकदा केला. हेडफोनमुळे जवळीक मिळते हे खरे, पण ध्वनिक्षेपकाविना भरून येणारा कंठस्वर त्यात उणावतो, आणि ही उणीव मला तरी लहान वाटत नाही.

२०२० मध्ये कोव्हिडच्या साथीने ऑपेरागृहे बंद केली, तेव्हा शॅरन यांनी डेट्रॉइटच्या वाहनतळात वाग्नर यांचा संक्षिप्त प्रयोग मोटारीत बसलेल्या प्रेक्षकांसाठी केला. बर्लिनच्या डॉइचे ओपरने स्वतःच्या वाहनतळावर ‘ऱ्हाईनगोल्ड’ सादर केला, तो डव्ह यांच्या त्याच तीस वर्षांपूर्वीच्या संक्षिप्त आवृत्तीत.

अलीकडच्या काळातील सर्वांत अर्थपूर्ण बदल म्हणजे गायकच निर्माते होऊ लागले आहेत. गायिका बार्बरा हॅनिगन गाता गाता वाद्यवृंदाचे संचालन करतात. काउंटरटेनॉर, म्हणजे स्त्रीच्या पट्टीत गाणारे पुरुष गायक, अँथनी रॉथ कोस्टान्झो यांनी २०१८ मध्ये हेंडेल आणि ग्लास यांच्या रचना नृत्य, चित्रफिती आणि चित्रकार जॉर्ज काँडो यांच्या कामासह एकत्र मांडल्या. २०२४ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या लिटल आयलंडवर ‘फिगारो’तील स्त्री-पुरुषांच्या सर्व प्रमुख भूमिका एकट्याने गायल्या. पिअर्स यांना जे एका मित्रमंडळाच्या आधाराने साधले, ते आता गायक संस्थात्मक पातळीवर करू पाहत आहेत.

या छोट्या मंडळ्यांत गायकांना मिळणारे मानधन बहुधा तुटपुंजे असते, आणि कलेच्या प्रेमापोटी ते काम करतात म्हणून हा प्रश्न मागे ढकलणे योग्य नाही. कोस्टान्झो यांनी २०२४ मध्येच ऑपेरा फिलाडेल्फिया या आर्थिक ओढाताणीत सापडलेल्या संस्थेची सूत्रे हाती घेतली आणि हंगामातील कोणत्याही आसनाचे तिकीट ११ डॉलरपासून, ज्याला जितके परवडेल तितक्या दराने, खुले केले. तिकीटविक्रीतून अशा संस्थेच्या खर्चाचा अल्प भागच भरून निघतो. उरलेला भार देणगीदारांवर आहे, आणि गायकांचे मानधनही त्याच पैशांतून द्यावे लागते.