वेल्श रॅबिटमधे ससा कधीच नव्हता

ब्रिटिश पदार्थांची नावं ऐकून लोक हसतात आणि पुढे जातात, पण थोडं खोलात गेलं की कळतं यातल्या काही नावांमागे मांस न परवडणाऱ्या किंवा न मिळणाऱ्या दिवसांची गोष्ट आहे, म्हणून मला ती फार जवळची वाटतात.

वेल्श रॅबिटच घ्या. टोस्टवर वितळवलेलं चीज, त्यात मोहरी, कधी थोडी बिअर, आणि ससा औषधालाही नाही. हे नाव 1725 पासून लेखी सापडतं. तेव्हा इंग्रज वेल्श लोकांना गरीब म्हणून हिणवायचे, यांना ससाही परवडत नाही मग चीजलाच ससा म्हणतात असा तो टोमणा, हेच स्पष्टीकरण सगळ्यात पटणारं आहे. हॅना ग्लासच्या 1747 च्या पाककृतींच्या पुस्तकात वेल्शसोबत स्कॉच आणि इंग्लिश रॅबिटही आहे, आणि इंग्लिशवाल्यात टोस्टवर चक्क ग्लासभर रेड वाइन ओतायची! 'रेअरबिट' हे सभ्य रूप 1780 च्या दशकातलं, आज मेनूवर तेच छापतात, पण मूळ नाव रॅबिटच.

टोड इन द होलमधे, म्हणजे 'बिळातल्या बेडका'त, आज सॉसेज असतं, पण 18व्या शतकात बीफचे तुकडे पिठात घालून भाजायचे, आणि ग्लासबाईंकडे त्याच प्रकारात कबुतरं आहेत.

बबल अँड स्क्वीक तर पूर्णच बदललं. मारिया रंडेलच्या 1806 च्या पाककृतींच्या पुस्तकात ते म्हणजे तळलेलं बीफ आणि कोबी, बटाटा नाहीच. मग दुसऱ्या महायुद्धात, मार्च 1940 ला मांस रेशनवर गेलं ते थेट 1954 पर्यंत, आणि आज तो पदार्थ म्हणजे उरलेला बटाटा नि कोबी तव्यावर परतून. तव्यात चरचरतं म्हणून पडलेलं नाव मात्र तसंच.

आणि आपला सुका बोंबील, तिकडचा बॉम्बे डक, ब्रिटिश लोक करीबरोबर कुरकुरीत करून खायचे. ट्रेनच्या 'बॉम्बे डाक' वरून नाव पडलं ही गोष्ट आपल्याकडे सगळे सांगतात पण ती टिकत नाही, कारण हे नाव 1815 मधे छापलेलं सापडतं आणि बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी सुटली 1853 ला. 1997 मधे युरोपियन कमिशनच्या नियमांमुळे त्याची आयात बंद झाली तेव्हा तो परत मिळावा म्हणून ब्रिटनमधे मोहीम चालली, आणि शेवटी उन्हात वाळवायला परवानगी मिळाली, फक्त पॅकिंग मान्यताप्राप्त ठिकाणी करायचं.