क्रूझला निघताना कोणतं ओळखपत्र चालतं? पासपोर्ट, व्हिसा आणि बाकीच्या कागदांची माहिती

क्रूझचं बुकिंग करताना बहुतेक कंपन्या नाव, जन्मतारीख आणि पैसे एवढंच मागतात. कागदपत्रं खरी तपासली जातात ती निघायच्या दिवशी, बंदरावरच्या टर्मिनलमध्ये. तिथे काही कमी निघालं तर जहाज थांबत नाही आणि पैसेही सहसा परत मिळत नाहीत, कारण कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची, हे कलम कंपन्यांच्या अटींमध्ये हमखास असतं. अशा वेळी प्रवास विमाही बहुधा हात वर करतो. काउंटरवरच्या माणसाशी हुज्जत घालून उपयोग नसतो. अपुऱ्या कागदांवर प्रवासी आणला तर अनेक देश दंड कंपनीकडून वसूल करतात, त्यामुळे तो नियमापलीकडे जाऊच शकत नाही.

म्हणून ‘जहाजावर चढायला काय लागतं?’ एवढंच विचारून थांबू नये. मधल्या बंदरांवर काय लागेल आणि प्रवासात काही बिघडलं तर विमानानं घरी परतायला काय लागेल, हेही त्याच वेळी विचारावं. तिन्ही ठिकाणी चालणारं ओळखपत्र जवळजवळ नेहमी एकच निघतं, ते म्हणजे पासपोर्ट. पासपोर्टशिवाय करता येणाऱ्या सहली आहेत, पण त्या बऱ्याच मर्यादित आहेत.

सुरुवात जहाजाच्या मार्गापासून

कंपनीकडून बंदरांची पूर्ण यादी घ्या आणि प्रत्येक बंदरापुढे देशाचं नाव लिहा. जहाज जिथून सुटतं तिथे पोहोचण्यासाठी विमान बदलावं लागणार असेल, तर तो देशही यादीत धरा. ‘त्या बंदरावर आम्ही उतरणारच नाही’ हा युक्तिवाद बऱ्याचदा चालत नाही. जहाज त्या देशाच्या हद्दीत जाणार असेल तर उतरा किंवा न उतरा, व्हिसा हवाच, असं कित्येक मार्गांवर असतं.

लोक सर्वात जास्त अडकतात ते एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसावर. समजा जहाज इटलीतल्या त्रिएस्तहून निघून क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक, माँटेनेग्रोतलं कोटोर आणि ग्रीसचं कोर्फू बेट करून परत त्रिएस्तला येणार आहे. इटली, क्रोएशिया आणि ग्रीस शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत. माँटेनेग्रो नाही. कोटोरला गेलात की तुम्ही शेंगेनबाहेर पडलात आणि कोर्फूला पोहोचताना तो दुसरा प्रवेश होतो. एकदाच प्रवेशाचा व्हिसा तोवर वापरून झालेला असतो. इथे किमान दोन प्रवेशांचा, शक्यतो अनेक प्रवेशांचा व्हिसा मागायला हवा, आणि अर्जासोबत क्रूझच्या बुकिंगचं पत्र जोडावं, ज्यावर बंदरं आणि तारखा स्पष्ट छापलेल्या असतील. जुन्या लेखांवर इथे विसंबू नका. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्याआधीच्या मजकुरात तो बाहेरचा देश म्हणूनच सापडेल. सायप्रस, आयर्लंड आणि ब्रिटन मात्र बाहेरच आहेत.

शेंगेन व्हिसाचा अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हा क्रूझवाल्यांचा नेहमीचा गोंधळ. नियम असा की जिथे मुक्काम सर्वात जास्त, त्या देशाकडे. सगळीकडे सारखाच असेल तर जिथून पहिला प्रवेश होणार, त्या देशाकडे. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण असलेला प्रवास विमा लागतो. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला असावा आणि शेंगेनमधून बाहेर पडायच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध असावा.

अमेरिकेच्या बाजूला हाच घोळ अलास्काच्या सहलीत होतो. सिॲटलहून निघणारं जहाज अलास्कातली जुनो, केचिकन ही बंदरं करून शेवटी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास थांबतं. यामागे १८८६ चा एक कायदा आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजाला फक्त अमेरिकी बंदरांमध्ये फिरून प्रवासी परत आणून सोडता येत नाही, मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं. मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळी परदेशी नोंदणीची असतात, म्हणून व्हिक्टोरियाचा तो थांबा. प्रवाशाला तो किरकोळ वाटतो, पण ज्यांना कॅनडासाठी व्हिसा लागतो त्यांना त्या काही तासांसाठीही तो काढावा लागतो, आणि परत सिॲटलला उतरताना अमेरिकेत नव्यानं प्रवेश होतो. अमेरिकेचा व्हिसाही एकदाच प्रवेशाचा असून भागत नाही.

पासपोर्टवर काय काय पाहायचं

मुदत सगळेच पाहतात, पण कोणत्या तारखेपासून मोजायची ते चुकतं. अनेक देशांना आणि क्रूझ कंपन्यांना प्रवास संपल्यानंतर आणखी ६ महिने वैधता हवी असते, निघायच्या तारखेपासून नव्हे. मार्गातल्या एखाद्या देशाला कमी चालत असलं तरी सर्वात कडक नियमच धरा. जहाजाचा मार्ग हवामानामुळे बदलू शकतो, आणि बदललेल्या बंदराचा नियम तुमच्या पासपोर्टनं पाळलाच पाहिजे. कोरी पानं किमान दोन असावीत. पान सुटलेला, पाण्यानं फुगलेला, फोटोचं पान उचकटलेला पासपोर्ट मुदतीत असूनही नाकारला जातो.

नावाचा मुद्दा जरा सविस्तर सांगायला हवा. मराठी माणसाचं नाव तीन तुकड्यांचं: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. पासपोर्टमध्ये पहिले दोन तुकडे मिळून ‘दिलेलं नाव’ होतात. बुकिंगच्या फॉर्मवर मात्र लोक कधी मधलं नाव गाळतात, कधी आडनावाच्या रकान्यात पूर्ण नाव भरतात. यावर सोपा उपाय आहे. फोटोच्या पानाच्या तळाशी यंत्रानं वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या. वरच्या ओळीत देशाच्या तीन अक्षरांनंतर आधी आडनाव येतं, मग जोडीनं दोन कोनाकार खुणा, आणि त्यानंतर दिलेलं नाव. बंदरावरचं यंत्र हीच ओळ वाचतं, म्हणून फॉर्म हीच ओळ समोर ठेवून भरावा. आडनावाचा रकाना रिकामा असलेला पासपोर्ट असेल तर बुकिंगआधीच कंपनीला फोन करून नाव कसं नोंदवायचं ते विचारून घ्या.

खालच्या ओळीत वेगळी गंमत आहे. तिच्या सुरुवातीला पासपोर्टचा नंबर असतो, पण त्याच्या नऊ जागांनंतर लगेच एक तपासणीचा अंक येतो. तो नंबरचा भाग नसतो. तिथून नंबर उतरवून घेणारे हा जादा अंकही भरून टाकतात. नंबर घ्यायचा तर पानाच्या वरच्या भागातून घ्यावा. जन्मतारीखही जपून भरा: अमेरिकी फॉर्मवर महिना आधी आणि दिवस नंतर असतो, त्यामुळे ५ एप्रिलला जन्मलेला माणूस बघता बघता ४ मेचा होतो.

लग्नानंतर नाव बदललं असेल आणि पासपोर्ट जुन्या नावाचा असेल, तर बुकिंगही जुन्याच नावानं करणं उत्तम. विवाहाचा दाखला सोबत असू द्या, पण त्याच्या भरवशावर वेगळ्या नावाचं तिकीट काढू नका.

पासपोर्ट नवा काढायचाच असेल तर व्हिसाच्या आधी काढा. ऑनलाइन मिळणारी प्रवास परवानगी पासपोर्टच्या नंबराशी बांधलेली असते. नंबर बदलला की ती पुन्हा काढावी लागते. छापील व्हिसाचं तसं नसतं: अमेरिकेचा वैध व्हिसा जुन्या पासपोर्टमध्ये असेल आणि तो खराब झालेला नसेल, तर जुना आणि नवा असे दोन्ही पासपोर्ट घेऊन जाता येतं. जुना फाडू नका, त्यातून व्हिसाचं पान कापून तर मुळीच घेऊ नका.

पासपोर्टशिवाय कोण जाऊ शकतं

जहाज एकाच देशाच्या बंदरांमध्ये फिरणार असेल तर त्या देशाच्या नागरिकाला सरकारी फोटो ओळखपत्र साधारणपणे पुरतं. युरोपीय संघाचे नागरिक शेंगेनमधल्या बंदरांवर राष्ट्रीय ओळखपत्रावर फिरू शकतात. पण मार्गात ब्रिटन असेल तर १ ऑक्टोबर २०२१ पासून त्यांच्यातल्या बहुतेकांना तिथे पासपोर्टच लागतो.

सर्वात जास्त चर्चा होते ती अमेरिकी नागरिकांच्या सवलतीची. अमेरिकेतल्या एका बंदरातून निघून त्याच बंदरात परतणाऱ्या, म्हणजे ‘क्लोज्ड लूप’ सहलीत त्यांना जन्मदाखला आणि सरकारी फोटो ओळखपत्र या जोडीवर परत प्रवेश मिळतो. १६ वर्षांखालच्या मुलांना नुसता जन्मदाखला पुरतो. समुद्रमार्गे येणाऱ्यांसाठी हे नियम १ जून २००९ पासून लागू आहेत. जन्मदाखला सरकारी नोंदणीचा हवा. बाळाच्या पावलांचे ठसे असलेलं रुग्णालयाचं प्रमाणपत्र आठवण म्हणून छान, पण कागद म्हणून शून्य. रिअल आयडी, म्हणजे अमेरिकी केंद्र सरकारच्या सुरक्षा निकषांनुसार दिलेला वाहन परवानाही नागरिकत्व सिद्ध करत नाही, म्हणून तो एकटा चालत नाही. त्यांच्याकडचं पासपोर्ट कार्ड, म्हणजे पुस्तिकेऐवजी मिळणारं छोटं कार्ड, कॅनडा, मेक्सिको, कॅरिबियन आणि बर्म्युडाहून जमीन किंवा समुद्रमार्गे परतताना चालतं.

पण सवलत अमेरिकेत परत येण्याची आहे. मधल्या बेटाचा देश पासपोर्ट मागू शकतो आणि काही मागतातही. शिवाय कुणी आजारी पडून मधल्या बेटावर उतरलं किंवा जहाज चुकलं, तर परत यायला विमान लागतं, आणि आंतरराष्ट्रीय विमानात जन्मदाखला चालत नाही, पासपोर्ट कार्डही नाही. मग आधी दूतावास गाठायचा, तात्पुरता पासपोर्ट मिळेपर्यंत थांबायचं. सहल दोन-तीन दिवसांची असली तरी माझं मत पासपोर्टच्याच बाजूचं आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या पण नागरिक नसलेल्यांना ही सवलत नाही. ग्रीन कार्डधारकांनी मूळ कार्ड आणि आपल्या देशाचा पासपोर्ट दोन्ही न्यावं. कार्डाचा मोबाइलमधला फोटो कार्ड म्हणून कुणी धरत नाही.

मुलं, वय आणि तब्येत

आई किंवा वडील यांपैकी एकटेच मुलाला नेत असतील, किंवा आजी-आजोबा, मामा, मावशी नेत असतील, तर सोबत नसलेल्या पालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र न्यावं. त्यात मुलाचं नाव, पासपोर्ट नंबर, जहाजाचं नाव, तारखा, कोणासोबत जात आहे ते, आणि आजारपणात उपचारांना परवानगी, एवढं तरी असावं. मुलाचं आडनाव सोबतच्या पालकापेक्षा वेगळं असेल तर जन्मदाखला हवाच. घटस्फोट झाला असेल तर ताब्याचा न्यायालयीन आदेश, पालक हयात नसेल तर मृत्यू दाखला. हे कागद दर वेळी कुणी मागेलच असं नाही, पण ज्या दिवशी मागतात त्या दिवशी दुसरा इलाज नसतो.

वयाच्याही अटी आहेत. अनेक कंपन्या ६ महिन्यांखालचं बाळ घेत नाहीत, आणि सलग बरेच दिवस समुद्रात असणाऱ्या मार्गांवर ही मर्यादा १२ महिन्यांवर जाते. अमेरिकेतून सुटणाऱ्या अनेक जहाजांवर २१ वर्षांखालच्या प्रवाशासोबत मोठं माणूस लागतं. गर्भवती प्रवाशांना प्रवासाच्या काळात २४ वा आठवडा लागणार असेल तर बऱ्याच कंपन्या घेत नाहीत, त्याआधी असेल तर डॉक्टरांचं पत्र मागतात.

दक्षिण अमेरिका किंवा आफ्रिकेच्या काही मार्गांवर पीतज्वराच्या लसीचा पिवळा आंतरराष्ट्रीय दाखला लागतो. लस घेतल्यानंतर १० दिवसांनी तो वैध होतो, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून भागत नाही. ११ जुलै २०१६ पासून हा दाखला आयुष्यभरासाठी धरला जातो, जुन्या दाखल्यावर १० वर्षांची मुदत लिहिलेली असली तरी.

निघायच्या दिवशी आणि बंदरावर

ऑनलाइन चेक-इन आधी उरकून बोर्डिंग पास काढून ठेवा. टर्मिनलच्या दारात मोठ्या बॅगा हमाल घेतो आणि त्या थेट खोलीत येतात, कधी कधी संध्याकाळपर्यंत. कागदपत्रं त्या बॅगेत गेली की चेक-इन खोळंबलंच. पासपोर्ट, व्हिसा, दाखले, संमतीपत्र आणि औषधं खांद्यावरच्या पिशवीत ठेवा.

चढताना जहाजाचं कार्ड मिळतं. खोलीची किल्ली, खर्चाचं खातं आणि जहाजावरची ओळख, सगळं तेच. पण ते जहाजाचं कार्ड आहे, देशाच्या दृष्टीनं ते ओळखपत्र नाही. काही बंदरांवर परत आत येताना त्यासोबत सरकारी फोटो ओळखपत्रही दाखवावं लागतं, तेव्हा किनाऱ्यावर काय न्यायचं ते आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या सूचनापत्रकात पाहून घ्या. काही मार्गांवर जहाज पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतं, म्हणजे बंदरावरचे अधिकारी सगळ्यांचे एकत्र तपासू शकतात. यात काळजीचं काही नाही, फक्त पोच मिळाली तर जपून ठेवा आणि फोटोच्या पानाच्या व व्हिसाच्या रंगीत प्रती आधीच काढून ठेवा.

उतरताना त्या प्रती आणि बंदरावर जहाजाचं काम पाहणाऱ्या एजंटचा फोन नंबर जवळ असू द्या, तो त्याच सूचनापत्रकात बहुधा छापलेला असतो. जहाज चुकलंच तर पहिला फोन त्याला करायचा. प्रवासी वेळेत परतला नाही असं दिसलं, तर जहाजावरचे लोक अनेकदा त्याचा पासपोर्ट शोधून निघण्याआधी एजंटकडे देऊन ठेवतात. पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत असेल तर तो त्यांना सापडतो, उशीखाली किंवा सुटकेसच्या चोरकप्प्यात असेल तर तो पुढच्या बंदराला निघून जातो.