पाठीची वारंवार ऑपरेशन्स आणि मनाचं सावरणं

मणक्याचं ऑपरेशन काही जणांचं एकदा होऊन भागत नाही, दुसऱ्यांदा, कधी तिसऱ्यांदाही टेबलवर जावं लागतं, आणि मधल्या महिन्यांत पेशंटच्या मनावर जो ताण येतो त्याची ही नोंद आहे. हा ताण म्हणजे पेशंटचा कमकुवतपणा नव्हे. आयएएसपी ही वेदनेवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिच्या २०२० च्या सुधारित व्याख्येतसुद्धा वेदना हा शरीराचा आणि भावनांचा मिळून एक अनुभव मानलाय.

दोन मणक्यांमधली गादी सरकली की नस दबते आणि ऑपरेशनने ती मोकळी करता येते हे मिक्स्टर आणि बार या अमेरिकन सर्जननी १९३४ मध्ये मांडलं, तेव्हापासून ही ऑपरेशन्स वाढतच गेली. पुन्हा ऑपरेशन लागायची कारणं बरीच आहेत, तीच गादी परत सरकते, फ्यूजनमध्ये, म्हणजे मणके एकमेकांना जोडण्याच्या ऑपरेशनमध्ये, स्क्रू-रॉड टाकूनही हाड जुळत नाही, जुळलेल्या भागाच्या वरच्या किंवा खालच्या मणक्यावर जादा भार येतो, नाहीतर इन्फेक्शन होतं. ऑपरेशन नीट होऊनही दुखणं राहू शकतं, त्याला बरीच वर्षं फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम म्हणत आलेत.

पहिल्या वेळी भीती असते पण आशाही तेवढीच असते, लोक भेटायला येतात, घरात सगळे हाताशी असतात. दुसऱ्या वेळी हे चित्र बदलतं. लोकांना सवय झालेली असते, फोन कमी येतात, "अजून दुखतंयच का?" हा प्रश्न काळजीने विचारला तरी टोचतो, आणि पेशंटचा स्वतःच्या शरीरावरचा भरवसा उडालेला असतो तो वेगळाच, म्हणजे साधं कूस बदलताना चमक आली तरी पहिला विचार येतो की परत काहीतरी सुटलं. त्यात बाहेरून काही दिसत नाही, टाका भरलेला असतो, माणूस चालतोय, मग याला झालंय तरी काय असं बघणाऱ्याला वाटतं. राग येतो, डॉक्टरवर, घरच्यांवर, ऑपरेशनला हो म्हटल्याबद्दल स्वतःवरसुद्धा, आणि घरच्यांवर ओझं झाल्याची लाज वाटते ती बहुतेक जण बोलूनच दाखवत नाहीत. हे सगळं एक प्रकारचं दुःखच आहे, गेलेल्या तब्येतीचं, कामाचं, मूल उचलून घेण्यासारख्या साध्या गोष्टींचं, आणि ते एकदा रडून संपत नाही, प्रत्येक नव्या एमआरआयला पुन्हा वर येतं.

वेळेचा हिशोब आधी नीट समजला तर बराच त्रास वाचतो, आणि माझ्या मते डॉक्टरांनी हे ऑपरेशनच्या आधीच बसून सांगायला हवं. दुखावलेली नस साधारण दिवसाला एक मिलिमीटर या वेगाने वाढते, म्हणजे कमरेपासून पावलापर्यंतचा बधिरपणा जायला महिनेच्या महिने लागू शकतात आणि कधी तो पूर्ण जातही नाही. फ्यूजनचं हाड पक्कं व्हायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं, आणि सिगरेट-तंबाखूने ते अजून रखडतं. सहा आठवड्यांत आपण का बरे झालो नाही म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या माणसाला हे आकडे खरा धीर देतात.

भीतीचं एक चक्र असतं, ते व्लेयन आणि लिंटन या मानसशास्त्रज्ञांनी २००० मध्ये सविस्तर लिहिलं. दुखेल म्हणून हालचाल टाळायची, टाळल्याने स्नायू सैल पडतात, मग थोडं केलं तरी दुखतं आणि भीती पक्की होते. याच्या उलटही होतं, एखाद्या बऱ्या दिवशी माणूस राहिलेली सगळी कामं उरकून टाकतो आणि पुढचे दोन-तीन दिवस आडवा पडतो. म्हणून फिजिओथेरपिस्ट ठरवून चालायला लावतात, दिवस बरा असो की वाईट, ठरलं तेवढंच, मग हळूहळू वाढवायचं. बरं वाटत असताना थांबणं हे सगळ्यात अवघड जातं. डायरी ठेवायची तर दुखणं किती होतं याऐवजी आज काय जमलं ते लिहिलेलं बरं, नाहीतर सगळं लक्ष दुखण्यावरच राहतं.

समुपदेशन, विशेषतः सीबीटी, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारी पद्धत, याचा उपयोग होतो. त्याने वेदना नाहीशी होत नाही पण तिच्याभोवतीची घबराट कमी होते. ड्युलोक्सेटिनसारखी काही औषधं उदासी आणि नसेचं दुखणं दोन्हीवर देतात, त्यामुळे ती चिठ्ठीवर दिसली म्हणून डॉक्टरला आपलं दुखणं खोटं वाटतंय असं समजू नये. ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीच्या जोरदार वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने अचानक बंद करू नयेत, त्याने घाबरंघुबरं होतं, झोप उडते, त्या डॉक्टरच्या सल्ल्यानेच उतरवायच्या. झोप आणि दुखणं एकमेकांना बिघडवतात, म्हणून झोपेची तक्रार फालतू समजून गिळू नये. जगणं नको वाटायला लागलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी कोणाला तरी सांगावं आणि डॉक्टरकडे जावं.

घरच्यांनी सगळंच हातातून काढून घेऊ नये. भाजी निवडणं, हिशोब बघणं, मुलांचा अभ्यास घेणं अशी बसल्या जागेची कामं पेशंटकडे राहिली की घरातलं त्याचं स्थान टिकतं. "मन खंबीर कर" याच्यापेक्षा "आज कसा गेला दिवस?" विचारून पाच मिनिटं ऐकलं तर जास्त उपयोग होतो, हेही बऱ्याच घरांत उशिरा कळतं.

प्रत्येक चमकेला घाबरायचं नाही तर मग घाबरायचं कशाला, हे आधीच माहीत असलं की रात्री जीव कमी टांगणीला लागतो. लघवी अडणं किंवा तिच्यावर ताबा न राहणं, शौचावर ताबा न राहणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पाऊल अचानक उचलता न येणं, पायातली ताकद झपाट्याने कमी होणं, यातलं काहीही झालं तर लगेच इमर्जन्सीत जायचं. ताप येऊन टाक्यातून पाणी किंवा पू यायला लागला तरी त्याच दिवशी सर्जनला कळवायचं. नेहमीची कळ, मुंग्या, सकाळचा आखडलेपणा हे पुढच्या तपासणीला सांगितलं तरी चालतं.