माहिष्मती: सिनेमातल्या राजधानीमागचं खरं गाव

२०१५ ला बाहुबली आला आणि माहिष्मती हे नाव शाळकरी पोरांच्या पण तोंडी बसलं. ते राज्य काल्पनिक, राजे काल्पनिक, शहर रामोजी फिल्म सिटीतल्या सेटवर आणि कॉम्प्युटरवर उभं केलेलं. पण नाव मात्र कुणी बसून तयार केलेलं नाही, ते दोन हजार वर्षांहून जुनं आहे आणि ज्या गावाचं आहे त्याच्याशी आपल्या मराठी माणसांचा इतका जुना संबंध आहे की सिनेमा बघून आल्यावर कुणी "हे कुठलं?" विचारलं तर मला सगळं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बहुतेक अभ्यासकांच्या मते माहिष्मती म्हणजे आजचं महेश्वर, मध्य प्रदेशात खरगोन जिल्ह्यात, नर्मदेच्या उत्तर काठावर. काहींनी ओंकारेश्वरजवळचं मांधाता सांगितलं, काहींनी मंडला, पण मला महेश्वरच पटतं आणि त्याचं कारण आहे नदीचा उतार, म्हणजे नदी ओलांडायची जागा.

म्हणजे बघा, सुत्तनिपात या पाली ग्रंथात गोदावरीकाठचा बावरी नावाचा ब्राह्मण आपल्या शिष्यांना बुद्धाकडे पाठवतो, त्यांच्या वाटेवरची गावं ओळीने दिलीयेत: आधी प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण, मग माहिष्मती, मग उज्जैन, पुढे विदिशा. पैठणहून उज्जैनला जायचं तर नर्मदा कुठेतरी ओलांडावीच लागणार आणि दख्खनमधून वर जाणारा माणूस जिथे नदी पार करायचा तिथेच हे गाव वाढलं. दीघनिकाय या दुसऱ्या पाली ग्रंथात तर माहिष्मतीला अवंतीची, म्हणजे उज्जैनभोवतालच्या जुन्या राज्याची, राजधानी म्हटलंय.

पुराणातल्या गोष्टी सगळ्यांना थोड्याफार माहिती असतात. हैहय कुळातला सहस्रार्जुन राजा इथला, त्याने हजार हातांनी नर्मदा अडवली आणि रावणाला कैद केलं, महेश्वरजवळ नदी खडकांतून अनेक धारांनी फुटते त्या जागेला अजून सहस्रधाराच म्हणतात. महाभारतातली गोष्ट मला जास्त आवडते, सहदेव दक्षिण दिग्विजयाला निघतो तेव्हा माहिष्मतीचा नील राजा त्याला अडवतो आणि सहदेवाच्या सैन्यालाच आग लागायला लागते, कारण खुद्द अग्नी राजाच्या मुलीच्या प्रेमात पडून या शहराचा राखणदार झालेला असतो. शेवटी सहदेवाला अग्नीची स्तुती करावी लागते तेव्हा कुठे वाट मोकळी होते.

पुढे सहाव्या शतकात कलचुरी घराण्याचे राजे आले. त्यांची राजधानी माहिष्मती होती असं नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी मांडलं, त्यांनी कलचुरींचे कोरीव लेख गोळा करून केलेलं काम अजून आधाराला घेतात. याच कलचुरींच्या कृष्णराजाची नाणी नाशिककडे सापडलीत, शंकरगणाचा ताम्रपट नाशिक जिल्ह्यातल्या अभोण्याचा आणि घारापुरीची मोठी लेणी याच घराण्याच्या काळातली असं बरेच जण मानतात.

आता जमिनीखालचं. १९५२-५३ ला पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महेश्वरला आणि समोरच्या काठावरच्या नावडाटोलीला खणलं, नंतर १९५७ ते ५९ मध्ये नावडाटोलीला परत मोठं उत्खनन झालं. निघालं काय तर साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती, कुडाच्या गोल आणि चौकोनी झोपड्या, रंगवलेली माळवा पद्धतीची भांडी, गहू, मसूर आणि नंतरच्या थरात तांदूळ. सोन्याचे पुतळे वगैरे काही नाही. पण मला त्या जळक्या गव्हाच्या दाण्यांचं अप्रूप जास्त वाटतं, कारण राजे यायच्या कितीतरी आधी लोक याच जागी नदीच्या भरवशावर राहत होते हे त्यातून दिसतं. आणि नावडाटोली याचा अर्थच नावाड्यांची वस्ती!

मग येतात अहिल्याबाई. जन्म चौंडीचा, नगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. १७६६ ला सासरे मल्हारराव गेले, १७६७ ला मुलगा मालेराव गेला आणि कारभार हातात घेतल्यावर त्यांनी इंदूर सोडून महेश्वर राजधानी केली. किल्ल्यात राहायला आपल्याकडच्यासारखा साधा लाकडी वाडा, खाली नर्मदेवर घाट आणि बाहेरून विणकर आणून वसवले त्यांच्या मागावर आज आपण नेसतो ती महेश्वरी साडी तयार झाली. साडीच्या काठावर घाटाची आणि किल्ल्याची नक्षी उतरलीये, पुढच्या वेळी काठ नीट बघा. पेशव्यांचे लोक महेश्वर दरबाराच्या बातम्या लिहून पुण्याला पाठवायचे, ती बातमीपत्रं छापलेली आहेत, मराठीत, कुणालाही वाचता येतील अशी.

१३ ऑगस्ट १७९५ ला त्या गेल्या. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकर इंग्रजांकडून हरले, जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला आणि राजधानी इंदूरला गेली. महेश्वर मागे राहिलं, घाट, माग आणि नदी घेऊन. संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर बसलं की समोर नावडाटोलीचा काठ दिसतो आणि नाववाले अजूनही माणसं घेऊन पाण्यात असतात.